एका माणसापुरती माती

आठवीच्या वर्गात इजिप्तचा धडा आला की बिन्यामीनमास्तर पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नसत. कोटाच्या आतल्या खिशातून ते पितळेची एक छोटी डबी काढत, झाकण उघडत आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात देत. "हुंग आणि मागे दे." डबी वर्गभर फिरून परत आली की विचारत, "कसला वास आला?" मुलं म्हणत, "मातीचा, सर."

"बरोबर. ही यरुशलेमची माती. आमच्यातलं माणूस मेलं की चिमूटभर त्याच्या डोळ्यांवर घालायची आणि उरलेली उशाला ठेवायची. म्हणजे तो पवित्र भूमीत निजला, असं धरून चालायचं. इजिप्तच्या राजाने यासाठी डोंगराएवढं थडगं बांधलं, आम्ही डबीत भागवलं. पण दोघांची भीती एकच." मग ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत : भीती आधी, देव मागाहून.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो. आमच्या दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती आणि त्या फळ्यांना फटी होत्या, त्यामुळे हा धडा मी वर्षानुवर्षं ऐकला. मी लागलो त्या पहिल्याच वर्षी डबी हुंगताना एका मुलाला शिंक आली आणि माती फरशीवर उडाली. मास्तरांनी त्याच्या अशी कानफटात दिली, की माझा वर्गही चिडीचूप झाला. मी फटीतून पाहिलं. मास्तर धोतर सावरून गुडघ्यांवर बसले होते आणि कागदाच्या कडेने फरशीवरची माती गोळा करत होते. बाकाखालची धूळ, खडूची पूड, जे आलं ते सगळं त्यांनी डबीत भरलं. त्या वेळी मला वाटलं, माणूस आपल्या वस्तूंना जपणारा दिसतो. याहून जास्त काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मास्तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवार पाळून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे आणि तेही स्वतःची ओळख तशीच करून देत. "आम्ही शनवारतेली. आमचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. जे बुडाले त्यांना वाळूत पुरलं, जे वाचले त्यांनी घाणा घातला, आणि त्यांचा वंशज पनवेलात तुमच्या पोरांची हजेरी घेतो." उंचीने बेताचे, नाकाने भरपूर, आणि जिभेला हाड नाही. सहकाऱ्यांना ते नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. संस्कृत शिकवणाऱ्या गृहस्थांना "अहो, संस्कृत", मला "भूगोल". मी त्यांच्याच आळीत खोली घेऊन राहिलो, तरी शेवटपर्यंत मी भूगोलच.

त्यांना खरी गोडी होती ती जुन्या लोकांनी मेलेल्यांचं काय केलं याची. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ते दोन तासांत उरकत, पण इजिप्तची प्रेतं त्यांना आठवडाभर पुरत. "मेंदू आकडीने नाकातून ओढून काढायचे आणि फेकून द्यायचे," ते सांगत, आणि एखाद्या मठ्ठ मुलाकडे बघून म्हणत, "तुझ्या बाबतीत कारागिराचा वेळ वाचला असता." काळीज मात्र ते लोक जागच्या जागी ठेवत, कारण परलोकात ते तागडीत घालून पिसाशी तोलायचं असतं. जड भरलं की एक श्वापद ते खाऊन टाकतं. इराकातल्या ऊर या जुन्या शहराच्या राणीबरोबर तिच्या दासींना नटवून खड्ड्यात उतरवलं होतं, हे सांगताना ते वर्गातल्या श्रीमंत मुलाला विचारत, "तुझ्याबरोबर कोण उतरेल रे? कुणी नाही ना? मग जिवंतपणी एवढा तोरा कशाला?" मुलं हसत. ज्याच्यावर हसत तो मुलगा पुढे वर्षभर खाली मान घालून बसे.

असलं बोलणं ते वर्गाबाहेरही आवरत नसत. आमचा शिपाई गोमा कळंबोलीचा. त्याचं चार महिन्यांचं मूल तापाने गेलं आणि त्याने ते नदीकाठी पुरलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, तर मास्तर त्याला शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलास गोमा. प्रवरेच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उकरलं तेव्हा काय सापडलं ठाऊक आहे? ते लोक लहान मूल दोन मडक्यांत घालायचे, मडक्यांची तोंडं जुळवायची, आणि राहत्या घरात जमिनीखाली पुरायचे. घरातलं मूल घरात. आणि मोठं माणूस असलं तर पाय घोट्यापासून तोडायचे, म्हणजे भूत होऊन ते भटकायला नको."

गोमाने घंटा खाली ठेवली. "मास्तर, त्याला घरान ठेवला असता तं त्याची आय त्या जाग्यावर पाय ठेवल काय? आमाला त्याच घरान रांधायचा हाय, जेवाचा हाय. तुमी पुस्तकान वाचता, आमाला घरान रवाचा हाय."

मास्तर म्हणाले, "उत्तर चांगलं आहे," आणि पेपर तपासायला लागले. गोमाने दिलेलं उत्तर पुढे त्यांनी वर्गातही सांगितलं, गोमाच्या नावानिशी. माफी मात्र कधी मागितली नाही.

त्यांची बायको हन्नाबाई. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी. नऊवारी नेसणारी, ठेंगणी, गुडघे सुजलेली बाई. चालताना भिंतीचा आधार घ्यायच्या. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दिवा लावून त्या मला जेवायला बोलवायच्या, कारण एकटा पुरुष काय शिजवत असेल याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. नारळाच्या दुधातली मच्छी त्यांच्या हातची खावी. मास्तर देवाधर्माची टिंगल करत जेवायचे, आणि वहिनी वाढता वाढता म्हणायच्या, "ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका भावजी. ह्यांना देवाची भीती वाटत नाही, म्हणून मी ह्यांच्या वाटचीपण बाळगते."

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. शनिवारी सकाळची शाळा असे आणि मास्तर येत, पण त्या दिवशी खडू हातात धरत नसत. सगळं तोंडी. का विचारलं तर म्हणत, "हात दुखतो." आठवड्यातून एकाच दिवशी दुखणारा तो हात मी बारा वर्षं पाहिला आणि काही ओळखलं नाही.

डबीतली माती मास्तरांच्या वडिलांनी आणलेली. ते पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर तिकडे गेले होते आणि येताना एक लहान पिशवी भरून घेऊन आले. त्यातली एकेक वाटणी त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या उशाला गेली. जी उरली ती या डबीत, एका माणसापुरती.

मग वहिनींचं हृदय थकलं. पायावरची सूज वर चढली आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो. एके दिवशी त्यांनी मला नकाशाचं पुस्तक आणायला सांगितलं. मी ते त्यांच्या पांघरुणावर उघडलं.

"भावजी, पनवेलपासून यरुशलेमपर्यंत मधे काय काय लागतं?"

मला वाटलं, मुलाची आठवण येत असेल. त्यांचा एकुलता एक सामुएल मी पनवेलला येण्याआधीच इस्राएलला जाऊन बिरशेबाला कारखान्यात लागला होता. मी बोट ठेवून सांगितलं, "ही खाडी, मग अरबी समुद्र, मग अरबस्तान. सगळं वाळवंटच. मग हे डोंगर आणि हे यरुशलेम."

"समुद्राच्या खालूनपण जमीन सलगच असते ना?"

"सलग असते. पण खूप खोल."

त्यांनी नकाशातल्या समुद्रावरून बोट फिरवलं. मग सांगितलं, की त्यांच्या आजीने लहानपणी सांगितलं होतं : शेवटच्या दिवशी मेलेले उठतील ते त्या भूमीत. जे परमुलखात पुरलेले असतील त्यांना जमिनीखालून लोळत, घासटत तिथवर जावं लागेल. ज्याच्या उशाला तिकडची माती असते त्याला लोळावं लागत नाही, तो तिथेच असतो. "माझे हे गुडघे, भावजी. मला मोरीपर्यंत जाववत नाही. मी समुद्राखालून लोळत कशी जाऊ?"

मी हसलो नाही. एवढीच काय ती माझी चांगली वागणूक. मी म्हटलं, "वहिनी, मास्तरांकडे डबी आहे ना?"

"मी मागितली. ते नाही म्हणाले."

मास्तर बाहेर पडवीत बसले होते. मी जाऊन विचारलं. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "ती शाळेची वस्तू आहे, भूगोल. पोरांना दाखवायची."

"मास्तर, त्या मरताहेत."

"दिसतंय मला. वर्षानुवर्षं मी पोरांना सांगत आलो की ही सगळी भीती आहे. आता घरातच माणूस मरायला लागलं म्हणून धडा बदलू? नवगावच्या वाळूत पुरलेत त्यांच्या उशाला कुणी माती ठेवली होती?" मग आत तोंड करून, वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लोळत जाशील हन्ना. घाई कुणाला आहे? तो दिवस उगवायला अजून पुष्कळ अवकाश आहे."

मी चप्पल घातली आणि निघालो. त्या माणसाचा मला इतका संताप कधीच आला नव्हता, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. ते वयाने मोठे होते, आणि मी त्यांचं मीठ खाल्लं होतं. मीठ वहिनींच्या हातचं होतं हे त्या वेळी सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी सकाळी वहिनी गेल्या. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत पुरतात. आळीतल्या बायकांनी आंघोळ घातली, पांढरे कपडे चढवले, रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकलं. प्रार्थना म्हणणारे एक म्हातारे आजोबा होते. त्यांनी सगळं झाल्यावर मास्तरांपुढे हात पसरला. "माती आहे ना तुझ्याकडे, बिन्यामीन? तुझ्या बापाने आणलेली?"

मास्तर म्हणाले, "नाही. संपली."

मी हाताभरावर उभा होतो. त्यांच्या कोटाचा आतला खिसा फुगलेला मला दिसत होता. आजोबांनी "बरं" म्हटलं आणि हात मागे घेतला. वहिनींना तळ्यापलीकडच्या कबरस्तानात पनवेलच्या काळ्या मातीत पुरलं. खांदा मीही दिला. वजन काहीच नव्हतं.

सात दिवस ते लोक घरात चटईवर बसतात. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा मास्तर एकटे होते. रीतीप्रमाणे सदरा छातीशी फाडलेला, दाढी वाढलेली. मी बसलो नाही. उभ्यानेच विचारलं, "डबी कुठे आहे?"

त्यांनी मांडीखालून काढून दाखवली. चटईवर ते तिच्यावर बसले होते.

"शाळेची वस्तू ना ही? मग इथे काय करतेय?"

मला वाटलं, ते आता काहीतरी झोंबणारं बोलतील. मी तयारीतच होतो. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही एका माणसापुरतीच आहे, भूगोल."

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. ते बोलत राहिले. "ती देवाला मानायची. तिला तो कसाही नेईल, उचलून नेईल. मी आयुष्यभर त्याची टवाळी केली. मी कुणाच्या जिवावर जाऊ? माझ्याकडे ही एवढीच आहे. मला भीती वाटते. लहानपणापासून वाटते."

ते रडत नव्हते. रडले असते तर मी कदाचित बसलो असतो. मी म्हटलं, "वहिनी तुमच्या वाटची भीती बाळगत होत्या. तुम्ही त्यांच्या वाटची मातीही ठेवून घेतलीत." आणि घरी आलो. त्यानंतर मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

मास्तरांनी पुढची दोन वर्षं इजिप्तचा धडा शिकवला, पण डबी वर्गात आणली नाही. फळ्यावरचं वाक्यही बंद झालं. मग ते निवृत्त झाले आणि सामुएलने त्यांना तिकडे बोलावून घेतलं. इस्राएल आळीतली घरं तेव्हा एकामागून एक रिकामी होत होती. मुंबईच्या एस्टीत सामान चढवायला मी गेलो, कारण न जाणं फार दिसलं असतं. खिडकीतून ते म्हणाले, "येतो, भूगोल." मी म्हटलं, "या." कोटाचा खिसा फुगलेलाच होता.

वर्षाच्या आत त्यांचं पत्र आलं. अक्षर तेच, फळ्यावरचं. लिहिलं होतं : "इथे सगळीकडे तीच माती आहे. चपलांना लागते, भाजीला लागते, वारा सुटला की डोळ्यांत जाते. सून दिवसातून दोनदा झाडून बाहेर टाकते आणि मातीच्या नावाने बोटं मोडते. मी मेलो की मला हिच्यातच पुरतील, डबी लागणारच नाही. जी वस्तू मी हन्नाला दिली नाही ती इथे केरात जाते. रोज सकाळी सुनेच्या केरसुणीचा आवाज येतो आणि मी कानांवर हात ठेवतो. आपल्या आळीतले एकजण इकडे करमत नाही म्हणून परत येत आहेत. त्यांच्याबरोबर डबी पाठवतो. माती तीच आहे, वडिलांची. हन्नाच्या उशाशी घाला. घातलीत की मला कळवा."

डबी आली. मी गोमाला बरोबर घेतलं, कारण कबर उकरायची तर एकट्याने धीर होईना. आम्ही दुपारी गेलो. डोक्याच्या बाजूला गोमाने हातभर खड्डा केला. मी झाकण उघडलं आणि सवयीने हुंगलं. त्या मातीत कुठेतरी आमच्या शाळेच्या फरशीवरची धूळ होती, खडूची पूडही होती. निम्मं पनवेल इस्राएलला जाऊन परत आलं होतं.

"एवरीशी माती?" गोमा म्हणाला. "एवरीशीसाठी बाईला तरसवला त्यानी?"

"हो."

"बाई बरी होती. माझा पोर गेला तवा तिनी माझ्या घरवालीला आठ दिवस जेवन धाडला. मास्तरला नाय सांगितला." त्याने खड्डा बुजवला आणि वर हात फिरवला. मला हे ठाऊक नव्हतं.

काम झालं होतं. घरी येऊन एक कार्ड लिहायचं, एवढंच उरलं होतं. ते मी लिहिलं नाही.

विसरलो, वेळ मिळाला नाही, असं लोकांना सांगता येतं. इथे सांगण्यात अर्थ नाही. मी ठरवून लिहिलं नाही. वहिनी आठ दिवस छताकडे बघत पडून होत्या, त्यांना कुणी "होय" म्हटलं नव्हतं. मला वाटलं, यांनाही कळू दे, नुसतं पडून वाट बघणं कसं असतं ते. थोडे दिवस, मग लिहू. दोन महिन्यांनी त्यांचं दुसरं पत्र आलं : "डबी पोचली का?" मी ते नकाशाच्या पुस्तकात ठेवलं. पावसाळ्यानंतर तिसरं आलं. त्यात अक्षर हललेलं होतं. "भूगोल, रागावलात हे समजतं. रागवा. फक्त एक शब्द लिहा. होय किंवा नाही." तेही मी पुस्तकात ठेवलं. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

चौथं पत्र सामुएलचं होतं. बाबा गेले. शेवटचे तीन आठवडे अंथरुणावरच होते. रीतीप्रमाणे सगळं केलं, माती इथलीच असल्याने वेगळी ठेवावी लागली नाही. खाली लिहिलं होतं : "शेवटी रोज दारात टपालवाला आला की विचारायचे, भूगोलचं पत्र आलं का. भूगोल कोण ते आम्हाला कळलं नाही. आम्हाला वाटलं, ताप डोक्यात गेला. तुम्ही त्यांच्या शाळेतले, म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी त्याच दिवशी टपालकचेरीत जाऊन उभ्या उभ्या लिहिलं : "माती पोचली. तुझ्या आईच्या उशाशी घातली आहे."

सामुएलचं उत्तर आलं. त्याने सौजन्याने आभार मानले होते आणि विचारलं होतं, "कसली माती?"

त्याच्या बापाने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं : पडवीतलं बोलणं, कोटाचा फुगलेला खिसा, आणि मग नकाशाच्या पुस्तकातली ती दोन पत्रंही. रिकामी डबी माझ्या टेबलावर आहे. सामुएलच्या त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.